शहाद्याचा रानपिंगळा आणि लंडनच्या संग्रहालयातील बंद खण

तापीकाठ (प्रश्न)

नमस्कार. मी नंदुरबार जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. आमच्या भागातील रानपिंगळ्याविषयी वर्गात बोलताना माझे दर वर्षी एकाच ठिकाणी अडते. हा पक्षी नामशेष झाला असे मानले जात होते आणि 1997 साली तो शहाद्याजवळ पुन्हा सापडला, एवढे सर्वत्र लिहिलेले असते. त्याच्या जोडीला असेही वाचायला मिळते की, लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममधील जुन्या नमुन्यांचा अभ्यास झाला म्हणूनच हा शोध लागला आणि त्या नमुन्यांपैकी एक चक्क बनावट निघाला. शंभर वर्षांपूर्वी भरून ठेवलेल्या कातडीवरून जिवंत पक्षी कसा सापडतो आणि एवढ्या नामांकित संस्थेत बनावट नमुना शिरलाच कसा, हे कोणी नीट उलगडून सांगाल का?

याला लागूनच दुसरी शंका आहे. या संग्रहालयात सुमारे आठ कोटी नमुने आहेत म्हणतात. प्रेक्षक पाहतात ते डायनोसॉरचे आणि देवमाशाचे सांगाडे आणि काही दालने. बाकी सारे कपाटबंद. एकाच पक्ष्याची शेकडो कातडी खणांत रचून ठेवण्याने विज्ञानाला नेमके काय मिळते? उत्तम छायाचित्रे उपलब्ध असताना आजही त्यांची गरज आहे का?

शेवटची गोष्ट अगदी स्थानिक आहे. आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत पेंढा भरलेले काही जुने पक्षी आणि बरण्यांमधले साप आहेत. त्यांच्यावर कसलीही चिठ्ठी नाही. त्यांचा काही उपयोग होऊ शकतो का?

टिपणवही (प्रतिसाद)

आपल्या दुसऱ्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण तिच्या उत्तरावाचून रानपिंगळ्याची कथा अर्धीच कळेल.

या संग्रहालयाचे मूळ सर हॅन्स स्लोन या वैद्याच्या खासगी संग्रहात आहे. 1753 मध्ये त्यांचे निधन झाल्यावर ब्रिटिश संसदेने तो संग्रह विकत घेतला, त्यातून ब्रिटिश म्युझियम उभे राहिले आणि 1759 मध्ये ते लोकांसाठी खुले झाले. ग्रंथ, नाणी, पुतळे आणि प्राणी एकाच वाड्यात नांदत होते, आणि त्यात प्राण्यांचे हाल झाले. कीड लागलेले आणि कुजलेले नमुने बागेत जाळून टाकण्याचे प्रकार तिथल्या अधिकाऱ्यांनीच केले. स्लोन यांच्या यादीत साडेपाच हजार कीटकांची नोंद होती. 1833 च्या सुमारास त्यांपैकी एकही शिल्लक नसल्याचे उघड झाले. संग्रहालयात गेलेली वस्तू सुरक्षित झाली, असे आपण गृहीत धरतो. ते तितकेसे खरे नाही.

1856 मध्ये रिचर्ड ओवेन यांच्याकडे निसर्गविज्ञान विभागांची सूत्रे आली आणि त्यांनी स्वतंत्र इमारतीचा आग्रह धरला. वास्तुविशारद आल्फ्रेड वॉटरहाउस यांनी बांधलेली साउथ केन्सिंग्टनची टेराकोटाची भव्य इमारत 18 एप्रिल 1881 रोजी उघडली. तिच्या भिंतींवर प्राण्यांच्या आकृती घडवलेल्या आहेत. एका बाजूस नामशेष झालेले प्राणी, तर दुसऱ्या बाजूस हयात असलेले. कायद्याने मात्र हे संग्रहालय ब्रिटिश म्युझियमपासून वेगळे व्हायला 1963 साल उजाडले.

माझ्या मते, इमारतीपेक्षाही महत्त्वाचा निर्णय त्यानंतर झाला. 1884 मध्ये विल्यम हेन्री फ्लॉवर संचालक झाले. संग्रहालयाची दोन कामे वेगळी मानावीत, असे त्यांचे म्हणणे होते. प्रेक्षकांसाठी मोजकेच, निवडक आणि चांगली माहिती लिहिलेले नमुने मांडावेत. अभ्यासासाठी मात्र भरपूर नमुने, उजेड आणि धूळ लागणार नाही अशा बंद खणांत, संशोधकाला सहज हाताळता येतील असे ठेवावेत. आज जगभरच्या मोठ्या संग्रहालयांत तुम्हाला नव्वद टक्क्यांहून अधिक वस्तू दिसत नाहीत त्या या विचारामुळे. काही लपवून ठेवल्याची भावना होते खरी, पण उजेडात ठेवलेल्या पक्ष्याच्या पिसांचा रंग काही वर्षांत विटतो आणि मग तो अभ्यासाच्या कामाचा राहत नाही.

अभ्यासाचे कातडे आणि पेंढा भरून फांदीवर बसवलेला पक्षी यांत फरक आहे. अभ्यासाचा पक्षी उताणा, पंख मिटलेला, चोच पुढे केलेला, आत कापूस भरलेला असा असतो आणि त्याच्या पायाला चिठ्ठी बांधलेली असते. त्या चिठ्ठीवर पक्षी कुठे, कोणत्या तारखेला आणि कोणी मिळवला हे लिहिलेले असते. एकाच प्रजातीचे शेकडो पक्षी लागतात, कारण नर आणि मादी, पिल्लू आणि प्रौढ, पिसे झडण्यापूर्वीचा आणि नंतरचा, कोकणातला आणि आसामातला असे सारे भेद एका पक्ष्यात दिसत नाहीत. प्रजातीची सीमा कुठे संपते, हे या भेदांच्या आवाक्यावरून ठरते. शिवाय प्रत्येक प्रजातीला नाव देताना ज्या नमुन्यावरून वर्णन केले तो ‘टाइप’ नमुना जपावाच लागतो. पुढे वाद झाला की सगळे त्याच्याकडे परत येतात.

पक्ष्यांचा संग्रह आता लंडनमध्ये नाही. 1970 च्या दशकाच्या आरंभी तो हर्टफर्डशायरमधील ट्रिंग या गावी, वॉल्टर रॉथशील्ड यांनी मृत्युपत्राने दिलेल्या संग्रहालयाच्या आवारात हलवला गेला. तिथे साडेसात लाखांच्या आसपास नमुने आहेत आणि जगातील सुमारे 95 टक्के पक्षिप्रजातींचे त्यांत प्रतिनिधित्व आहे.

भारताचा वाटा त्यात मोठा आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधील संग्रहालयाचे प्राणी 1879 मध्ये ब्रिटिश म्युझियमकडे आले. त्याहून मोठी भर घातली ती ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी, म्हणजे राष्ट्रीय सभेचे संस्थापक म्हणून आपण शाळेत ज्यांचे नाव शिकवतो त्याच ह्यूम यांनी. सिमल्याच्या बंगल्यात त्यांनी आशियातील पक्ष्यांचा प्रचंड संग्रह केला होता. त्यांच्या नियोजित ग्रंथाची हस्तलिखिते नोकराने चोरून बाजारात रद्दीच्या भावाने विकली, त्यामुळे त्यांचे मन या कामातून उठले आणि 1885 मध्ये त्यांनी कातडी आणि अंडी मिळून सुमारे 82,000 नमुने संग्रहालयाला देऊन टाकले. ते बांधून नेण्यासाठी पक्षिविभागाचे बाउडलर शार्प स्वतः सिमल्याला आले होते. रानपिंगळ्याची कथा याच ह्यूम यांच्यापासून सुरू होते. ती अधिक जाणणाऱ्याने लिहावी.

सातपुडा_वाटा (प्रतिसाद)

टिपणवही यांनी भूमिका मांडली आहेच, तेव्हा मी थेट रानपिंगळ्याकडे येतो.

1872 च्या डिसेंबरात एफ. आर. ब्लुइट यांनी आजच्या छत्तीसगडमधील बसना भागात एक लहान घुबड मिळवले. ह्यूम यांनी 1873 मध्ये त्याचे वर्णन करून ब्लुइट यांचे नाव त्याला दिले. त्यानंतरच्या दहा-बारा वर्षांत मोजकेच नमुने मिळाले आणि त्यांतले बरेचसे जेम्स डेव्हिडसन या मुलकी अधिकाऱ्याने खानदेशात, शहाद्याच्या परिसरात मिळवलेले होते. 1884 नंतर हा पक्षी जणू अदृश्य झाला.

अपवाद एकच. कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांच्या संग्रहात रानपिंगळ्याचा एक नमुना होता आणि त्याच्या चिठ्ठीवर 1914 साल आणि गुजरातेतील तापीकाठचे मांडवी हे ठिकाण लिहिले होते. माइनर्ट्झहागेन हे सैन्यात नाव कमावलेले, वजनदार गृहस्थ होते. त्यांचा सुमारे वीस हजार पक्ष्यांचा संग्रह 1954 मध्ये संग्रहालयाने मानाने स्वीकारला. साहजिकच रानपिंगळ्याची शेवटची नोंद म्हणून सगळ्या पुस्तकांत 1914 आणि मांडवी हेच छापले जाऊ लागले, आणि पक्षी शोधायचा तर कुठे, याचे उत्तरही त्या चिठ्ठीने ठरवून टाकले.

त्यांच्याविषयी कुजबुज पूर्वीपासून होती. नमुने परस्पर बाहेर नेल्यामुळे त्यांना एकदा पक्षिदालनात येण्यास बंदीही झाली होती. तरीही त्यांच्या नोंदींवर लेखी आणि सप्रमाण शंका ॲलन नॉक्स यांनी 1993 मध्ये घेतली, म्हणजे कर्नलसाहेबांच्या मृत्यूनंतर पाव शतकाने. प्रतिष्ठेपुढे विज्ञानही किती काळ मान तुकवू शकते, हे इथे दिसते.

पुढचा तपास पॅमेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर या पक्षिशास्त्रज्ञांनी केला. दक्षिण आशियातील पक्ष्यांच्या एका मोठ्या ग्रंथासाठी रासमुसेन या जुने नमुने तपासत होत्या. पक्ष्याचे कातडे सोलण्याची, हाडे कापण्याची, कापूस भरण्याची आणि शिवण घालण्याची प्रत्येक संग्राहकाची तऱ्हा त्याच्या हस्ताक्षराइतकी वेगळी असते. मांडवीच्या म्हणवल्या जाणाऱ्या पक्ष्याची मूळ भरणी काढून त्याला नव्याने भरले होते, पण क्ष-किरण छायाचित्रांत आतल्या खुणा लपल्या नाहीत. त्या जुळल्या डेव्हिडसन यांच्या कामाशी. डेव्हिडसन यांनी दिलेल्या रानपिंगळ्यांपैकी एक संग्रहालयाच्या खणातून नाहीसा झालेला होता. सरळ अर्थ असा की, संग्रहालयाचाच पक्षी चोरून, नवी चिठ्ठी बांधून, तो संग्रहालयालाच भेट म्हणून परत देण्यात आला होता. हे सविस्तर संशोधन 1999 मध्ये ‘आयबिस’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

आता आपल्या मूळ प्रश्नाचे उत्तर. 1914 ची नोंद खोटी ठरताच मांडवी नकाशावरून पुसले गेले आणि उरली ती खऱ्या चिठ्ठ्यांवरची ठिकाणे, म्हणजे पूर्वेकडचे बसना आणि पश्चिमेकडचे शहादा. घनदाट अरण्यात शोधण्याऐवजी पायथ्याच्या कोरड्या पानझडी जंगलात शोधावे, हेही त्या ठिकाणांवरूनच सुचले. 1997 च्या नोव्हेंबरात रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांनी प्रथम पूर्वेकडचा भाग पालथा घातला, तिथे काही मिळाले नाही, मग ते शहाद्याला आले. 25 नोव्हेंबरच्या सकाळी निष्पर्ण झाडावर बसलेला पक्षी त्यांना दिसला. आपल्या नेहमीच्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके ठळक असतात. याच्या डोक्यावर आणि पाठीवर ते जवळजवळ नव्हते, पंखांवर रुंद पट्टे होते आणि पाय पांढऱ्या पिसांनी भरलेले होते. या साऱ्या खुणा रासमुसेन यांनी खणांतल्या कातड्यांवर आधीच पाठ केल्या होत्या. नाहीतर वाटेवरचा एक पिंगळा म्हणून तो पाहणाऱ्याच्या नजरेतून निसटला असता, आणि माझी तर खात्री आहे की मधल्या शंभर वर्षांत तो अनेकांच्या नजरेतून तसा निसटलाही असेल.

पुढे तोरणमाळ, मेळघाट आणि अगदी मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यातही तो आढळला. त्याचे वर्गीकरणही बदलले: सांगाड्यावरून त्याचे गोत्र (जवळच्या प्रजातींचा गट) स्वतंत्र मानावे असे रासमुसेन आणि कॉलर यांचे मत होते, परंतु 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीएनए अभ्यासाने त्याला पिंगळ्याच्याच गोत्रात नेऊन ठेवले.

तापीकाठ

दोघांचेही मनःपूर्वक आभार. मांडवी आणि शहादा यांतला हा फरक विद्यार्थ्यांना सांगण्याजोगा आहे. पण रानपिंगळा हे एकच उदाहरण झाले. डीएनएचा उल्लेख आला म्हणून विचारतो, ज्या काळात कोणाला डीएनए ठाऊकही नव्हता त्या काळच्या कातड्यांतून तो मिळतो का?

वेळूबन (प्रतिसाद)

मिळतो, आणि त्याची एक भारताशी जोडलेली हकिकत आहे. 1867 मध्ये ह्यूम यांनीच सतलज खोऱ्यात रामपूरजवळ एक छोटा, मातकट रंगाचा वटवट्या मिळवला. त्याची चोच नेहमीच्या बोरू वटवट्यांपेक्षा मोठी होती. पुढे सव्वाशेहून अधिक वर्षे तसा दुसरा पक्षी कोणालाच ओळखता आला नाही, त्यामुळे तो एखाद्या ठाऊक असलेल्या प्रजातीचा विचित्र नमुना असावा, असेही म्हटले गेले. 2002 मध्ये स्टाफान बेन्श आणि डेव्हिड पिअर्सन यांनी ट्रिंगमधील त्या एकमेव कातड्यातून डीएनए मिळवून ती स्वतंत्र प्रजाती असल्याचे दाखवले. चार वर्षांनी, 27 मार्च 2006 रोजी, बँकॉकजवळ फिलिप राउंड यांच्या जाळ्यात एक अनोळखी वटवट्या आला आणि त्याच्या पिसांतला डीएनए ह्यूम यांच्या पक्ष्याशी जुळला. मग ट्रिंगचे खण पुन्हा उघडले गेले, तेव्हा दुसऱ्याच प्रजातीच्या नावाखाली ठेवलेला आणखी एक पक्षी निघाला. तो 1869 मध्ये आजच्या उत्तर प्रदेशात मिळवलेला होता. एकशे सदतीस वर्षे तो तिथेच होता, फक्त त्याला विचारायचे काय, हे कोणाला माहीत नव्हते. छायाचित्राने हे काम झाले नसते, हे उघड आहे.

दुसरे उदाहरण गिधाडांचे. 2001 मध्ये रासमुसेन आणि पॅरी यांनी संग्रहालयातील कातडी आणि सांगाडे मोजून दाखवले की, एकच समजली जाणारी लांब चोचीची गिधाडे प्रत्यक्षात दोन प्रजातींची आहेत: एक कडेकपारींवर घरटी करणारी, दुसरी उत्तरेकडची, झाडांवर घरटी करणारी आणि निमुळत्या चोचीची. डायक्लोफिनॅक या गुरांना दिल्या जाणाऱ्या वेदनाशामकामुळे गिधाडे वेगाने मरत असताना हे कळले, हे महत्त्वाचे. कारण दोन्ही एकत्र मोजली असती तर निमुळत्या चोचीचे गिधाड किती उरले आहे याचा हिशेब कधी स्वतंत्रपणे झालाच नसता.

अंड्यांचे संग्रहही असेच अनपेक्षित उपयोगी पडले. इंग्लंडमध्ये बहिरी ससाण्याची अंडी घरट्यातच फुटू लागली, तेव्हा डेरेक रॅटक्लिफ यांनी संग्रहालयांतील आणि छंदिष्टांकडील जुन्या अंड्यांची कवचे मोजली. 1940 च्या दशकाच्या उत्तरार्धापासून कवच पातळ होऊ लागल्याचे त्यांनी 1967 मध्ये दाखवले, आणि तो काळ डीडीटीच्या वापराशी जुळला. ज्यांनी ती अंडी गोळा केली त्यांच्या मनात कीटकनाशकाचा विचारही नव्हता. तारीख मात्र त्यांनी प्रत्येक अंड्यावर लिहून ठेवली होती.

कोंकणकडा (प्रतिसाद)

चर्चा उत्तम चालली आहे, परंतु एक बाजू राहून जाते आहे. दख्खनमध्ये कर्नल साइक्स यांनी, खानदेशात डेव्हिडसन यांनी आणि सिमल्यात ह्यूम यांनी गोळा केलेले पक्षी लंडनला गेले, म्हणून आज आपल्याच पक्ष्याची ओळख पटवायला आपल्या संशोधकाला व्हिसा काढावा लागतो. जाळी लावणारे, पक्षी सोलणारे, वाट दाखवणारे जे स्थानिक लोक होते, त्यांची नावे चिठ्ठ्यांवर क्वचितच आहेत. खानदेशातील भिल्लांच्या माहितीवाचून एखाद्या इंग्रज अधिकाऱ्याला त्या जंगलात घुबड सापडले असेल, हे मला पटत नाही. तेव्हा लंडनचे गुणगान करताना हा हिशेबही मांडला जावा.

मुंबईचे नावही घेतले पाहिजे. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी 15 सप्टेंबर 1883 रोजी आठ जणांनी स्थापन केली आणि त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन मराठी वैद्य होते. पहिल्या सभा भायखळ्याच्या संग्रहालयात, म्हणजे आजच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात, भरत. तिथून हा संसार एका मद्यविक्रेत्या सभासदाच्या दुकानातील खोलीत गेला, हे त्या काळच्या मुंबईला शोभणारेच. 1911 मध्ये संस्थेने सस्तन प्राण्यांचे देशव्यापी सर्वेक्षण हाती घेतले, त्याचा पहिला अहवाल खानदेशाचाच होता. त्या वेळी नमुने ओळखण्यासाठी लंडनला पाठवावे लागले, पण मुंबईतही संग्रह वाढत गेला आणि आज तो लाखाहून अधिक नमुन्यांचा आहे. सलीम अली यांची वाटही याच संग्रहातून सुरू झाली: लहानपणी पाडलेली पिवळ्या गळ्याची चिमणी ओळखून घेण्यासाठी ते तिथे गेले आणि सचिव मिलार्ड यांनी त्यांना भरलेल्या पक्ष्यांचे खण उघडून दाखवले.

सातपुडा_वाटा

कोंकणकडा यांचा आक्षेप मला मान्य आहे. परदेशातील संग्रहांची यादी आणि छायाचित्रे आता मोठ्या प्रमाणावर संगणकावर येत असली, तरी कातडे हातात घेऊन मोजणे त्याने साधत नाही. एक भर घालतो. बंद खणांनाही धोका असतोच. 2009 च्या जूनमध्ये ट्रिंगमध्ये एका तरुणाने खिडकी फोडून 299 पक्ष्यांची कातडी पळवली. मासे पकडण्याच्या गळाला आमिष म्हणून बांधायच्या शोभिवंत कृत्रिम माश्या बनवण्यासाठी त्या पिसांना मोठा भाव होता. चोर पकडला गेला आणि बरीच कातडी परतही मिळाली, पण त्यांतल्या अनेकांच्या चिठ्ठ्या कापून टाकलेल्या होत्या. अशा पक्ष्याचा रंग तेवढा उरतो, संशोधनासाठी तो बहुतांशी वाया जातो.

टिपणवही

तापीकाठ यांच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर राहिले होते. शाळेतील नमुन्यांवर चिठ्ठी नसली तरी लगेच निराश होऊ नये. प्रयोगशाळेची जुनी जडसंग्रह नोंदवही, खरेदीच्या पावत्या आणि शाळेचे वार्षिक अहवाल पाहावेत. ‘अमुक साली अमुक गावाहून’ एवढी ओळ सापडली तरी त्या पक्ष्याची किंमत बदलते. नोंद सापडली तर ती चिठ्ठीवर जशीच्या तशी उतरवावी आणि कोणत्या वहीतून घेतली तेही लिहावे. अंदाजाने ठिकाण किंवा साल मुळीच घालू नये, मांडवीचे उदाहरण समोर आहेच.

दोन सावधगिरीच्या गोष्टी सांगतो. जुनी कातडी टिकवण्यासाठी आर्सेनिकयुक्त साबण वापरत असत, म्हणून ते पक्षी विद्यार्थ्यांच्या हाती देऊ नयेत. आपणही हातमोजे घालूनच हाताळावेत. दुसरे असे की, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित प्राण्यांचे भरलेले नमुने बाळगण्यावरही निर्बंध आहेत. तेव्हा ते कोणाला देण्यापूर्वी किंवा टाकून देण्यापूर्वी मुख्याध्यापकांमार्फत वन विभागाला लेखी कळवावे, आणि त्या पत्राला नमुन्यांची छायाचित्रे जोडावीत.